दारामागची खोली

"खेळणारा माणूस कधी खोटं बोलत नाही. खोटं बोलतो तो खेळ बनवणारा."

खेळ बनवायला शिकवणाऱ्या वर्गात दर वर्षी पहिल्या तासाला सर हे वाक्य म्हणत, वर्गावरून नजर फिरवत, आणि मग प्रोजेक्टर का लागत नाही म्हणून शिपायाला बोलावणं धाडत.

शिपाई येईपर्यंत ताईची गोष्ट होई. सर तेव्हा विमा कंपनीत कारकून होते आणि घरी आल्यावर हौस म्हणून कम्प्युटरवर खेळ बनवत. ताई म्हणजे थोरली बहीण. वडील गेल्यावर ती कॉलेज सोडून कामाला लागली, म्हणून हा धाकटा भाऊ शिकला. पुढे ती अंथरुणाला खिळली, तेव्हा त्याने तिच्यासाठी एक खेळ केला. एक रिकामं घर, एक बंद दार आणि घरात कुठेतरी लपवलेली किल्ली. दारामागच्या खोलीत, भिंतीवर, त्याने तिला चार ओळी लिहिल्या होत्या. तोंडाने त्या उभ्या जन्मात म्हणता आल्या नसत्या. हा भाग सर वर्गात सांगत नसत.

ताई उशीला टेकून खेळायची. तो मागे स्टुलावर.

"अरे शहाण्या, किल्ली कुठे ठेवलीस ते सांगून टाक. मला काय इथे जन्म काढायचाय?"

"सांगितलं तर खेळ कसला, ताई? शोध. घरातच आहे."

ती कपाटं उघडायची, पलंगाखाली वाकायची, माळ्यावर चढायची. खऱ्या घरात तिला न्हाणीघरापर्यंत जाणंही होत नव्हतं. तो दात आवळून बसायचा. खेळणाऱ्याला मदत करायची नाही, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं आणि नवशिक्याच्या निष्ठेने पाळलं होतं.

मग एका संध्याकाळी तो कामावरून आला, तर लॅपटॉप मिटलेला.

"उघडलं रे बाबा तुझं दार," ताई म्हणाली.

"आतलं वाचलंस?"

"वाचलं. छान झालंय. तू आता हेच कर. त्या विम्यात काय ठेवलंय?"

आणखी काही बोलायचं त्याला कारण उरलं नाही. जे बोलायचं होतं ते तिने वाचलं होतं. थोड्याच दिवसांत ताई गेली, आणि त्याने नोकरी सोडली. पुढे एका कंपनीत त्याने रंगीत गोळ्या फोडायचे खेळ केले, लोकांनी बसची वाट बघताना खेळावेत आणि बस आली की विसरावेत असे. मग कंपनी बुडाली. बुडालेल्या कंपनीतला माणूस अनुभवी समजला जातो, म्हणून संस्थेने त्याला शिकवायला घेतलं. ताईचा लॅपटॉप प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटात गेला. तो खेळ सरांनी पुन्हा कुणाला दिला नाही.

तात्पर्य मात्र दर वर्षी दिलं. कुणी तुमचा खेळ खेळत असेल, तर मागे गप्प उभे राहा. रडला तरी. ज्याने तोंड उघडलं, त्याला सर बिनदिक्कत नापास करत.

शेवटच्या वर्षाला एक मुलगी होती. वर्ग तिला प्रश्नचिन्ह म्हणायचा. "नुसती गोष्ट किती वर्षं ऐकायची, सर? खेळ द्या की," असा तिने धोशा लावला. विद्यार्थ्यांच्या खेळांचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं, वाद घालायला वेळ नव्हता. सरांनी कपाटाची चावी दिली.

ती चार दिवसांनी आली. "सर, किल्ली सापडत नाही."

"ताईला सापडली. ती आजारी होती. तू धडधाकट आहेस."

"म्हणूनच मी खेळाचा आतला कोड उघडून बघितला. किल्ली माळ्यावरच्या फळीवर ठेवलीय ना? फळी दिसते, पण भरीव नाहीये. कोडमध्ये तिच्यापुढे 'भरीव' अशी खूण करायची राहिलीय. खेळ सुरू झाला की किल्ली फळीतून खाली पडते. मग घरातून, मग जमिनीतून. पडतच राहते."

"काहीतरीच. मी स्वतः तपासलं होतं."

"किल्ली शोधून?"

सरांना आठवलं. तपासताना ते खेळातल्या माणसाच्या हातात किल्ली आधीच देऊन, थेट दारासमोरून खेळ सुरू करत. आपणच लपवलेली वस्तू शोधायला दर वेळी माळ्यावर कोण चढणार? या धंद्यात सगळे हेच करतात, आणि करू नका म्हणून विद्यार्थ्यांना सांगतात.

"नवीन मशीनवर होत असेल तसं."

"तुमच्याच लॅपटॉपवर बघितलं, सर. कपाटातल्या." मग ती जरा उत्साहाने म्हणाली, "मी केलीय आता खूण. राहते किल्ली. दार उघडून बघता?"

"नको. आत काय आहे ते मला माहितीये."

ती जायला वळली आणि दारातच थांबली. "पण मग सर, तुमच्या ताईंनी दार उघडलं कसं?"

सर गप्प बसले. नियमच होता तसा.

प्रश्नचिन्हाला पैकीच्या पैकी गुण मिळाले. पुढच्या वर्षीपासून पहिल्या तासाला सर फक्त हजेरी घेतात.