हुडकेश्वरचं नाव

मधुकररावांचा फोन पुन्हा आला तेव्हा भावना स्टुडिओत मेकअपच्या खुर्चीवर बसली होती. उद्या तिच्या लेकीचं, हिमानीचं लग्न. सकाळी विहारात विधी आणि संध्याकाळी हुडकेश्वरच्या लॉनवर रिसेप्शन. मधुकरराव मुलाचे वडील. माणूस तसा भला, पण आज आवाज चढलेला. कारण भावनाच्या हातातल्या हवामानाच्या अंदाजात उद्या संध्याकाळी दक्षिण नागपुरात वादळ होतं, विजा होत्या, गारा होत्या. तिने त्यांना ते दुपारीच सांगितलं होतं. दुसरा हॉल बघू, असंही म्हणाली होती. भर वैशाखात, लगीनसराईत हॉल कुठला मिळायला?

"विहीणबाई, खोटं बोला असं मी म्हणून नाही राहिलो," मधुकरराव म्हणाले. "फक्त हुडकेश्वरचं नाव नका घेऊ. तुरळक ठिकाणी म्हणा. नेहमीच म्हणता नं?"

म्हणायची, खरं आहे. तुरळक ठिकाणी म्हटलं की कोणाच्या अंगाला लागत नाही. ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, ते ठिकाण दुसऱ्याचं.

नागपूरच्या टीव्हीवर हवामान सांगणारी भावना पहिली बाई. तीस वर्षांपूर्वी तिला ते काम मिळालं, कारण ते कोणा पुरुषाला नको होतं. बातम्यांच्या शेपटाला दोन मिनिटं उभं राहायचं, त्यात कसला आलाय मान? तिने मात्र वेधशाळेत जाऊन बसून बसून नकाशे वाचायला शिकून घेतलं. प्रेक्षकांना त्याचं काय! पत्रं यायची ती साडी कुठल्या दुकानातली म्हणून. बाजारात गेली की बाया हसायच्या. ताई पाऊस म्हणाल्या, म्हणजे आज खुशाल पापड वाळू घाला. नवरा अंकुशसुद्धा आधी कपडे दोरीवर टाकायचा आणि मग बातम्या लावायचा. असल्या चेष्टेचं आपण काही मनावर घेत नाही, असं भावना सगळ्यांना सांगायची. घ्यायची. चांगलंच घ्यायची.

कॅमेऱ्यापुढे उभी राहिली तेव्हा 'तुरळक' अगदी ओठावर आलं होतं. डोळ्यांपुढे लेकीचा चेहरा होता. पण त्याच डोळ्यांपुढे लॉनवरचा लोखंडी खांबांचा मांडवही होता आणि त्याखाली बसणारी माणसं होती.

"हुडकेश्वर, मनीषनगर आणि कुहीकडचा सगळा भाग," ती म्हणाली. "उद्या संध्याकाळी उघड्यावर कार्यक्रम ठेवू नका. तुम्हाला कुठे बोलावणं असेल, तर जाऊ नका."

दुसऱ्या दिवशी तिने हट्टाने मांडव उतरवून घेतला. जेवण कडेच्या पक्क्या खोलीत मांडायला लावलं. फुलांच्या कमानीही काढल्या. मधुकरराव दात आवळून बघत राहिले.

आणि संध्याकाळी आभाळ घासलेल्या ताटासारखं स्वच्छ. दिवे लागताना जरा वारा सुटला, सगळ्यांनी माना वर केल्या, तेवढ्यात तो पडलाही. वादळ भंडाऱ्याकडे वळून गेलं होतं. झालं! उघड्या लॉनवर रिकाम्या खुर्च्या आणि खुर्च्यांमधून निवांत फिरणारं एक कुत्रं. घरची माणसं आणि वाढपी सोडले तर कोणी नाही. हिमानी आणि नवरदेव पियुष नटूनथटून स्टेजवर उभे होते, पण हात जोडायचे कोणापुढे? फोटोग्राफरने त्यांचेच तेच ते फोटो काढून शेवटी कॅमेरा खाली ठेवला.

मधुकररावांनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा पनीरच्या भरल्या पातेल्याकडे. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं, असं भावनाला वाटलं. हिमानी शालू सावरत खाली उतरली. तिचे डोळे भरले होते.

"आई, काल एक दिवस चूप राहिली असती तर?"

भावनाच्या पर्समधला फोन सारखा वाजत होता आणि जो तो तेच सांगत होता. ताई, तुम्हीच तर सांगितलं, म्हणून नाही निघालो. मनीषनगरची शेजारीण तेच म्हणाली, ऑफिसमधले तेच म्हणाले. पापडांवरून चिडवणाऱ्या बाईने तर पापडांचं नावही न काढता लेकीला आशीर्वाद कळवले.

फोन ठेवला आणि भावनाच्या डोक्यात लख्ख उजाडलं. ही सगळी माणसं ऐकत होती तर! इतकी वर्षं हसत होती आणि ऐकतही होती. आणि नेमकं ते कळलं कधी, तर आपला अंदाज सपशेल चुकला त्या दिवशी. आता परत कोण विश्वास ठेवणार? ती जनरेटरच्या मागे गेली. तिथल्या धडधडाटात रडलेलं कोणाला ऐकू येत नाही.

तिथेच पुन्हा फोन वाजला. कुहीहून गोविंदामामा होता, तिचा सख्खा मामा. गाडीभर माणसं घेऊन यायचा होता आणि कालच्या बातम्या ऐकून सगळ्यांना घेऊन घरीच बसला होता. त्याने काही विचारायच्या आत भावनाच बोलून गेली.

"मामा, नाही आलं वादळ. चुकलं माझं."

"नाही आलं? बरं झालं बाप्पा," मामा म्हणाला. त्याच्या मागे बायापोरांचा गलका चालला होता. त्याने सगळ्यांना दटावून गप्प केलं. "मंग आता सांग वं भावना, रात्री पाणी येते का? तू नाही म्हणशील तर गाडी काढतो."