झेल्माची सुट्टी

पाहुण्यांच्या पलंगावर टॉवेलचा हंस बसला होता. मान डौलात वाकवलेली, पंख मिटलेले. खालच्या चादरीला सुरकुती औषधालाही नव्हती.

ओर्वा दारातच थबकली. कॅरिबियन समुद्रातल्या लिटल कॉर्न बेटावरच्या तिच्या तीन खोल्यांच्या घरात पैसे देऊन उतरणाऱ्या पाहुण्यांना स्वच्छ चादर मिळे, उशाला नारळपाणी मिळे, पण हंस आजवर कुणाला मिळाला नव्हता. हे कुणाचं काम, ते विचारायची गरजच नव्हती.

तिची थोरली बहीण झेल्मा पलीकडच्या खोलीत स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसत होती.

झेल्माचा जन्म सहलीच्या मोठमोठ्या जहाजांवर लोकांच्या केबिनी आवरण्यात, पलंगावर टॉवेलचे असले हंस घडवण्यात गेला होता. घरी यायची ती दोन जहाजांच्या मधे, बॅगसुद्धा पुरती न उघडता. या खेपेला ती पहिल्यांदाच नुसती राहायला आली होती. ओर्वाने तिला समुद्राकडची खोली दिली, बदामाच्या झाडाला जाळीचा झोपाळा बांधून दिला आणि बजावलं, की खा, लोळ, काही हवं तर हाक मार. झोपाळ्यात मांजरं लोळत होती. झेल्मा उजाडायच्या आत उठून घर घासायला घ्यायची. आणि काल जेवताना तिने हळूच विषय काढला होता, की मियामीत एका हॉटेलात बाई हवी आहे म्हणतात, परत जावं म्हणते.

ओर्वाने तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. झेल्माने ते मुकाट्याने दिलं आणि कमरेला खोचलेलं दुसरं काढलं.

"खाली उतर," ओर्वा म्हणाली.

"एकच पातं राहिलंय."

"तू माझ्याकडे राहायला आलीस की कामाला?"

झेल्मा उतरली आणि त्याच स्टुलावर बसली. फडक्याची घडी घातली, मोडली, परत घातली. मग खाली बघतच म्हणाली, "मला बसता येत नाही गं. हात रिकामे राहिले की वाटतं, आता कुणीतरी दारात येऊन विचारणार, तू इथं काय करतेस?"

 ओर्वाने बहिणीचं मनगट धरलं आणि मंद विस्तवावर कालवण तसंच सोडून तिला घरच्या झग्यानिशी किनाऱ्याकडे ओढत नेलं. झेल्मा वाटभर कुरकुरत होती. झगा भिजेल, गुडघा धरेल, लोक काय म्हणतील. लोक म्हणजे जाळं सांधत बसलेला म्हातारा एल्डन. त्याने मानही वर केली नाही.

कमरेएवढ्या पाण्यात आल्यावर झेल्मा थांबली. दोन्ही तळवे पाण्यावर टेकवून, अनोळखी कुत्र्याला चुचकारावं तशी उभी राहिली.

"शेवटची कधी उतरली होतीस?" ओर्वाने विचारलं.

झेल्माने आठवून पाहिलं, मग नाद सोडला. एवढी वर्षं समुद्रावर काढली, पण तिच्या केबिनला खिडकीसुद्धा नव्हती.

"आडवी हो."

"बुडेन मी."

"तूच शिकवलंस मला. हो आडवी."

ओर्वाने तिच्या पाठीखाली हात धरला. झेल्मा आधी फळीसारखी ताठ होती. मग खांदे सुटले, मान सुटली, पिकल्या केसांत पाणी शिरलं. 

"तो हात काढ," झेल्मा म्हणाली. "गुदगुल्या होतात."

ओर्वाने हात काढला. झेल्मा तरंगत राहिली. झगा फुगून तिच्याभोवती पसरला होता, बोटं उघडी होती, आणि ती आभाळाकडे बघून आपल्याशीच हसत होती.

तेवढ्यात काठावर वाउटर आला. हंसाच्या खोलीतला, ताडमाड उंच डच पाहुणा. त्याने अदबीने विचारलं, मिस ओर्वा, आज जेवण उशिरा आहे का? ओर्वा सवयीने निघालीच होती. तिने बहिणीकडे एकदा पाहिलं आणि पाय परत वाळूत रोवले. तिथूनच तिने सांगितलं, की मासळीचं कालवण चुलीवर तयार आहे, केळ्यांच्या चकत्या कापून ठेवल्यात, तेवढ्या तळून घ्या. आणि आम्हा दोघींचंही इथंच घेऊन या.

वाउटर क्षणभर गोंधळला. मग त्याचा चेहरा असा खुलला, की जणू बेटावर तो याचसाठी आला होता.

थोड्या वेळाने तो दोन ताटल्या डोक्याच्या वर धरून मांड्यांपर्यंतच्या पाण्यात चालत आला. मागून त्याची बायको चमचे घेऊन. झेल्मा उभी राहिली, ओल्या हातानेच एक चकती तोंडात टाकली आणि सावकाश चावली. वाउटर तिच्या तोंडाकडे बघत उभा.

"करपल्यात जरा," झेल्मा म्हणाली. "दुसऱ्या आणता?"

"हो मॅडम, लगेच," म्हणत तो पाणी उडवत परत निघाला. ओर्वाने हसू दाबायला पाण्यात डोकंच घातलं.

वर येऊन पाहते, तर झेल्मा कालवणाची ताटली पोटावर ठेवून पुन्हा आडवी झाली होती.