वीस ठिपके

"एकेका ठिपक्यावर क्लिक करायचं, त्याची रेघ बघायची, मगच तो ठेवायचा का काढायचा ते ठरवायचं. रेघ न बघता काही पुसायचं नाही, तनुजाताई."

चार वर्षांपूर्वी हे इंद्रजीतसरांनीच शिकवलं होतं. आज तेच तिच्या खुर्चीमागं उभे राहून म्हणाले, "हे नाल्याकाठचे वीस काढून टाका. कॅमेऱ्याचा नॉइज आहे नुसता. पाचला कारखान्याला रिपोर्ट द्यायचाय."

पडद्यावर बिडकीनकडचं शिवार पसरलं होतं, ड्रोनच्या कॅमेऱ्यानं टिपलेलं; जिथं पीक बिघडल्याचा संशय, तिथं ठिपका. तनुजा एकेक ठिपका उघडत गेली. निरोगी पानाची रेघ, म्हणजे पानावरून परतणाऱ्या उजेडाचा आलेख, लाल रंग ओलांडला की ताठ चढते. या वीसही रेघा तिथंच चढायच्या ऐवजी खाली बसल्या होत्या.

"नॉइज असता तर जिथंतिथं सांडला असता, सर. वीसच्या वीस एकाच जागी कशा बसतील?"

"पाणी कमी पडलं असेल पिकाला."

"नाल्याला लागून? कारखान्याचं पाणी बारा महिने वाहतं त्यात."

सर हसले. "आज चतुर्थी ना? उपासानं डोकं तापलंय तुमचं." त्यांनी तिच्या हाताखालून माऊस ओढला, ठिपक्यांभोवती एक वेढा काढला नि बटण दाबलं. ठिपके गेले. नकाशा हिरवागार.

त्या वेढ्यात तिथल्या शेतकरीण केसरबाईंचा पालक होता. गेल्या आठवड्यात बांधावर त्या म्हणाल्या होत्या, "काय निघंल ते मला आधी सांग, माय. हीच भाजी माझी नातवंडं खातेत." मी स्वतः येऊन सांगते, असा शब्द तनुजानं दिला होता.

तिचा आवाज कधी चढत नसे. आत्ताही चढला नाही.

"या रिपोर्टवर मी सही करणार नाही, सर."

"तुमच्या सहीवाचून काही अडत नाही."

"मग नावही काढा माझं. पुसायची सवय झालीच आहे तुम्हाला."

त्यांच्या देखतच तिनं मूळ फाइल उघडली, वीस रेघा छापल्या, कागदांची घडी केली आणि जिना उतरली.

क्रांती चौकात रिक्षा मिळाली.

"बिडकीन? बसा ताई," रिक्षावाला म्हणाला. "येताना तिकडची पालकाची भाजी आणा. लई कवळी असती."

तनुजानं घडी छातीशी धरली. "चला भाऊ. अंधारायच्या आत शेतात पोचायचंय."