आत्याची चौकशी

आत्या दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंसमोरच्या खुर्चीत ठाण मांडून बसली. एका बाजूला भाची, दुसऱ्या बाजूला भाचीला आवडलेला इलेक्ट्रिशियन.

"याला एड्स आहे म्हणे," आत्या म्हणाली. "आणि हिला याच्याशीच लग्न करायचंय. आई नसलेली पोर, कपडे शिवून शिवून मी वाढवलीय. आता बोला."

"एड्स नाही, एचआयव्हीची लागण आहे," बाई म्हणाल्या. "औषध न घेता हा विषाणू वर्षानुवर्षं अंगात राहिला की शरीर लढायचं सोडून देतं. त्या अवस्थेला एड्स म्हणतात. हे सहा वर्षं रोज गोळी घेतायत."

आत्याने इलेक्ट्रिशियनकडे मोर्चा वळवला. "तुला लागलं कुठून?"

त्याने मान खाली घातली नाही. "आधी एकीबरोबर होतो. संबंध आले, काळजी घेतली नाही. तिलाही ठाऊक नव्हतं, मलाही. हिला मात्र मी दुसऱ्याच भेटीत सांगितलं."

"उष्टं खाल्लं तर? एक टॉवेल वापरला तर?"

"काही होत नाही," बाई म्हणाल्या.

"आणि नवरा-बायको म्हणून?"

"आत्या!" भाचीने कपाळाला हात लावला.

"आत्या काय? संसार काय लांबून हात जोडून करणार आहात? बाई, तुम्ही सांगा. आडपडदा नको."

बाईंनी रिपोर्ट पुढे सरकवला. "यांच्या रक्तात विषाणू आता इतका कमी आहे, की तपासणीत सापडतच नाही. चार वर्षं हेच चाललंय. अशा माणसाकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही."

"कमी होते?"

"होत नाही. फक्त गोळी चुकवायची नाही आणि तपासण्या वेळेवर करायच्या."

"आणि पोरंबाळं?"

"होऊ देत की. हिला लागण नाही, तर बाळालाही नाही."

आत्याने रिपोर्ट दोनदा वाचला. इलेक्ट्रिशियनच्या कानामागून घामाची धार लागली होती.

"ऊठ रे," आत्या म्हणाली.

तो उठला. आत्याने त्याला दंडाला धरून बाहेर पॅसेजमध्ये, खिडकीच्या उजेडात नेलं. पर्समधून टेप काढली आणि त्याच्या पाठीवर लावली.

"खांदे सरळ ठेव. लग्नाचा कोट मी शिवणार, विकतचा चालायचा नाही. आणि गोळी चुकवलीस तर याच टेपने बडवेन."

भाची हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. दारात उभ्या बाईही डोळे पुसत होत्या. बाकावर रांगेत बसलेले सगळे माना उंचावून पाहत होते. एवढा वेळ तोंडाला ओढणी गुंडाळून बसलेली एक तरुणी उठली, ओढणी खाली केली आणि आत्याजवळ आली.

"मावशी, माझ्या सासूला समजवायला याल?"

आत्याने टेप गळ्यात टाकली. "पत्ता सांग."