मोकळे हात

"हे काय लोढणं अडकवून बसलात गळ्यात?" बायकोनं विचारलं.

पट्ट्याला प्लॅस्टिकचं कडं होतं आणि कड्यात चहाचा कप. यंत्रमागाचा कारखाना कायमचा बंद करताना धाकट्या मालकानं प्रत्येक कामगाराला ही भेट दिली होती. "काका, आता चहा पितानाही दोन्ही हात मोकळे!"

तीस वर्षं एक हात मागावर ठेवूनच नवऱ्यानं चहा घशाखाली ढकलला होता. आज तो प्यायला वाकला, तर कपही तेवढाच खाली गेला. आणखी वाकला, तर अर्धा चहा लेंग्यावर.

"खड्ड्यात गेलं ते! हातात धरून प्या की सरळ," ती हसत सुटली.

त्यानं कप काढला, दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"धरतो. हातांना तेवढंच काम उरलंय."