चेहऱ्याकडे बघ

नेटवर्क जाऊन तास झाला होता. तपासणीचं यंत्र बंद पडलं होतं आणि कॉटवर म्हातारे रेगे सर पोट धरून तळमळत होते. हातानं तपासायला शिकवणारे ते शेवटचे प्राध्यापक. पडद्यावर अकरा हजार पेशंट बरे करून डॉक्टर झालेल्या शर्वाणीनं जिवंत पोटाला कधी हातच लावला नव्हता.

"हात चोळून गरम कर," सर कण्हत म्हणाले. "आता दाब. पोटाकडे नको, माझ्या चेहऱ्याकडे बघ. दुखलं की तिथं दिसतं."

तिनं दाबलं. सरांचा चेहरा पिळवटला.

"दिसलं, सर!" ती घाईघाईनं हात सरकवत गेली. "इथं दुखतंय? इथं? सांगा ना, सर!"

चेहरा आता शांत होता.

पडद्यावरचा पेशंट दगावला की घंटी वाजायची. इथं काहीच वाजलं नाही, म्हणून ती दाबतच राहिली.