साळिंदर साहेबांचा पूल

"हा पूल तिथे नाहीच म्हणे." प्रकाशकाने पुस्तक टेबलावरून लेखिकेकडे सरकवलं.

मुखपृष्ठावर टोपी घातलेलं साळिंदर होतं. साळिंदर साहेब परदेशातल्या एका शहरात फिरून चोर पकडायचे, आणि मागच्या पानावर छापलेलं असायचं: यातला प्रत्येक रस्ता खरा आहे. मालिका त्या एका ओळीवर खपायची. प्रकाशकाला पुस्तकं विकायची होती, वाचायची नव्हती.

"एक बाप पोरीला घेऊन त्या शहरात गेला," तो म्हणाला. "पोरगी पुस्तक हातात धरून दिवसभर सिंहांचा पूल शोधत हिंडली. शेवटी रस्त्यातच रडायला लागली. आता बाप पेपरात लिहायचं म्हणतोय."

"माझा भाऊ तिथे हॉटेलात मॅनेजर आहे. तो बघतो, फोनवर सांगतो, मी लिहिते. तो कशाला थापा मारेल?"

"मग जा. तिकीट मी काढतो. पुलाचा पुरावा आणा. नाहीतर साहेबांना निवृत्त करू. दुसऱ्या एका लेखकाचा ससा तयारच आहे."

साळिंदराआधी ती शिकवण्यांसाठी लोकांच्या पायऱ्या झिजवत होती. नवरा चारचौघांत तिला 'आमची शिकवणीवाली' म्हणायचा. आता शाळा प्रमुख पाहुणी म्हणून बोलवायच्या, पोरं सहीसाठी रांग लावायची. ते सगळं एका सशाच्या घशात जाणार होतं.

रविवारी तिने भावाला फोनवर सांगितलं.

"नको येऊस, ताई. थंडी फार आहे."

"साळिंदराला सोसते, मला नाही सोसणार?"

"त्याला काटे आहेत," भाऊ म्हणाला आणि हसला. नेहमीसारखा नाही.

हॉटेलच्या काउंटरवर त्या नावाचा मॅनेजर कोणी ओळखेना. शेवटी फरशी पुसणारी एक बाई तिला मागच्या जिन्याने तळघरात घेऊन गेली. वाफ, साबणाचा उग्र वास, चादरींचे ढीग. खिडकी एकही नाही. इस्त्रीच्या यंत्रापाशी एक पांढराफटक माणूस उभा होता. त्याने 'ताई' म्हटलं तेव्हा तिला ओळख पटली.

"पासपोर्ट मालकाकडे आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "झोपायचं इथेच. बाहेर म्हणजे कचऱ्याच्या बोळापर्यंत. शहर मी पाहिलेलंच नाही. पडल्या पडल्या रचायचो आणि रविवारी तुला सांगायचो."

"फोन होता ना? खरं का नाही सांगितलंस? मालकाला काय आपली भाषा कळते?"

"आधी आईसाठी गप्प बसलो. ती गेली, तोवर तुझी पुस्तकं चालायला लागली होती. म्हटलं, चालू देत. माझं काय, चादरीच आहेत." त्याने तिचा हात धरला. त्याचा तळवा फोडांनी भरला होता. "आता नाही होत, ताई. पोलिसात जा. पेपरात येईल, लोक तुला हसतील. पण मला सोडव."

ती घळाघळा रडली. त्याच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "वेड्या, मी तुला इथे ठेवीन का?"

वर रस्त्यावर येऊन तिने पोलीस ठाणं विचारलं. एका माणसाने हात करून दाखवलं. ती त्या दिशेने भराभर चालू लागली.

मायदेशी परतली ती सरळ प्रकाशकाकडे गेली. डोळे अजून सुजलेले होते.

"पूल?" त्याने विचारलं.

"होता. पाडला. मोठा रस्ता करतायत तिथे. पुढच्या आवृत्तीत तशी टीप टाका."

प्रकाशक खुलला. "म्हणजे आपली ओळ खरी?"

"एकूण एक रस्ता."

"आणि भाऊ काय म्हणतो?"

"मजेत आहे."

रविवारी तिने फोन लावला. पलीकडे पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"ताई, काय झालं गं? बोललीस का कोणाशी?"

"वेळ लागतो रे अशा गोष्टींना," ती म्हणाली. "तोवर पुढच्या पुस्तकासाठी मला तिथलं बंदर सांग. आणि या खेपेला पोरांना शोधता येईल असं काही नको."